पैशाचे सोंग

पानिपत शहराबाहेर काही किलोमीटरांवर काला अंब आहे. विटांचा एक स्तंभ, भोवती राखलेली बाग, आणि ज्याच्यावरून या जागेला नाव पडले त्या आंब्याच्या झाडाची आठवण, एवढेच तेथे पाहावयास मिळते. रणात सांडलेले रक्त मुळांनी शोषले आणि फळे काळी पडली, असे लोककथा सांगते. दरवर्षी १४ जानेवारीला मात्र या शांत जागी गर्दी होते. महाराष्ट्रातून गेलेली मंडळी, दिल्लीतील मराठी कुटुंबे, आणि पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज आहोत अशी श्रद्धा बाळगणारा हरियाणातील रोड समाज तेथे एकत्र येतो. उत्तरेकडच्या संक्रांतीच्या बोचऱ्या थंडीत फेटे दिसतात, अंगरखे दिसतात, नऊवारी नेसलेल्या मुली दिसतात. ढाल-तलवारीचे हात करून दाखविले जातात. अठराव्या शतकाचा वेष विसाव्या आणि एकविसाव्या शतकातील माणसे एका दिवसापुरता अंगावर घेतात.

या वेषधारणात एक विसंगती आहे, ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १७६१ च्या त्या दिवशी या मैदानातून जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांनी वेष धारण केला नव्हता, उतरविला होता. नाना फडणीस त्या वेळी विशीच्या आतबाहेरचे होते. आपल्या त्रोटक आत्मवृत्तात त्यांनी अंगावरची वस्त्रे टाकून, आपली ओळख पुसून वाट काढल्याची हकिकत सांगितली आहे. दरबारी माणसाची चांगली वस्त्रे त्या दिवशी मृत्यूचे आमंत्रण ठरली असती. पळणाऱ्यांना वाटेत लुटले गेले, उघडे केले गेले, आणि असे हजारो लोक जाटांच्या मुलखात पोहोचले तेव्हा राजा सूरजमलने त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. लढाईपूर्वी भाऊसाहेबांशी न पटल्याने तो पक्ष सोडून गेलेला होता. तरीही त्याने हे केले. जखमी समशेरबहादूर त्याच्याच आश्रयाला असताना निवर्तला. पानिपताच्या कथेत शौर्य आणि शोक यांना जागा आहे, तशी या वस्त्रदानालाही असावयास हवी. मराठी वाङ्मयाने मात्र त्याला फारशी दिलेली नाही.

पुढे दीड दशकाच्या आत दुसरी गोष्ट घडली. भाऊसाहेबांचा देह ओळखण्यावरून संशय राहिला होता. त्या संशयाच्या फटीतून सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला. किल्ले त्याच्या हाती आले, कोकणात त्याच्याभोवती माणसे जमली आणि पैसाही जमला; १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. नरसिंह चिंतामण केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक १९१३ मध्ये लिहिले ते याच प्रकरणावर. मेलेल्या माणसाचा वेष घेतल्याने खजिना भरू शकतो, हे मराठी समाजाने एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे. कदाचित म्हणूनच आपल्याकडे ‘सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही’ ही म्हण इतकी खणखणीत वाजते.

सोंग आणि पैसा यांची सांगड घालण्याची एक निराळी रीत पाश्चात्त्य समाजात रूढ झाली. एखादा काळ किंवा कल्पना ठरवावयाची, त्यानुरूप पोशाख करून धनिकांनी नृत्यसमारंभास यावयाचे, आणि त्या निमित्ताने होणारा खर्च वा जमणारा निधी गरजूंच्या उपयोगी पडला असे मानावयाचे. आपल्याकडे शाळेतील ‘फॅन्सी ड्रेस’पलीकडे या प्रकाराला घरगुती नाव मिळालेले नाही, यावरूनच तो किती परका आहे हे कळते. परंतु त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग ज्या कारणासाठी झाला ते कारण हिंदुस्थानाला परके नव्हते.

१२ मे १८४२ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीने असा समारंभ दिला. काळ ठरला होता चौदाव्या शतकाचा. राणी झाली होती फिलिपा, पती अल्बर्ट झाला होता तिसरा एडवर्ड. पोशाखांच्या ऐतिहासिक अचूकतेसाठी प्लांशे या नाटककाराचा सल्ला घेण्यात आला. हा गृहस्थ रंगभूमीवरील वेषभूषेच्या इतिहासाचा त्या काळचा मोठा जाणकार होता. म्हणजे राजवाड्याने आपले सोंग नाटकाच्या घरातूनच उसने आणले होते. लँडसीअर या चित्रकाराने त्या पोशाखातील राजदाम्पत्याचे जे चित्र काढले ते अद्याप राजसंग्रहात आहे. त्यातली वस्त्रे पाहिली म्हणजे चित्रकाराचा खरा विषय माणसे नसून कापड आहे की काय, असे वाटते.

आणि तसे वाटणे चुकीचेही नाही. समारंभाचा घोषित हेतू स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांना काम मिळवून देणे हा होता. लंडनच्या पूर्व भागातील ही वस्ती फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट कारागिरांनी नावारूपास आणली होती. १८२६ मध्ये परदेशी रेशमावरील बंदी उठली, फ्रेंच माल आला, आणि आधीच खंगत चाललेले माग बंद पडू लागले. पाहुण्यांनी इंग्रजी रेशमाचे पोशाख शिवून घ्यावेत, म्हणजे विणकराच्या चुलीला चार दिवस धग लागेल, असा हिशेब होता. हेच स्पिटलफील्ड्सचे विणकर शे-सव्वाशे वर्षांपूर्वी दुसऱ्या कारणाने रस्त्यावर आले होते. तेव्हा त्यांचा शत्रू फ्रेंच रेशीम नव्हते, हिंदुस्थानातून जाणारे छापील सुती कापड होते. १७१९ मध्ये त्यांच्या जमावांनी हे कापड ल्यालेल्या स्त्रियांचे झगे भर रस्त्यात फाडले. १७२१ मध्ये पार्लमेंटने त्या कापडाच्या वापराला कायद्याने बंदी केली. पूर्वजांनी आपल्याकडचे कापड फाडून पोट वाचविले आणि वंशजांना राणीच्या नाचाची वाट पाहावी लागली, असा हा क्रम आहे. विणकराला मिळणारे दान आणि विणकराला मिळणारे संरक्षण यांत काय अंतर असते, हे समजावून घ्यावयाचे तर यापरते उदाहरण नाही.

या समारंभाच्या अवघ्या दहा दिवस आधी, २ मे रोजी, चार्टिस्ट चळवळीचा दुसरा अर्ज पार्लमेंटपुढे नेण्यात आला होता. त्यावर तेहतीस लाखांच्या वर सह्या होत्या. राणीचे रोजचे उत्पन्न आणि मजुराचे रोजचे उत्पन्न त्यात एकमेकांशेजारी मांडले होते. सभागृहाने अर्ज विचारात घेण्याचेही नाकारले. राणीच्या मनात कळवळा नव्हता असे म्हणण्याचे कारण नाही. तो खरा असावा. प्रश्न कळवळ्याचा नाही, मांडणीचा आहे. विणकर या समारंभाचे कारण होते, पाहुणे नव्हते. ज्यांच्यासाठी सोंग घेतले गेले त्यांनी ते पाहिलेही नाही.

मराठी परंपरेत सोंगाची आणि दानाची जोडी जुनीच आहे, परंतु तिच्यात भूमिका उलट्या आहेत. येथे वेष घेतो तो मागणारा. मोरपिसांची टोपी घालून पहाटे येणारा वासुदेव, कवड्यांची माळ घातलेला भुत्या, फौजदाराचा पोशाख करून दारात दरडावणारा आणि मग हसून हात पुढे करणारा बहुरूपी, हे सर्व आपल्या वेषाच्या बळावर मागतात. देणारा घरच्या कपड्यांत, हातात सूप किंवा पसाभर धान्य घेऊन उंबऱ्यात उभा असतो. बहुरूप्याला दिलेला पैसा भीक समजला जात नाही, तो त्याच्या कलेचा मोबदला असतो. आणि कलेचा मोबदलाच केवळ असतो असेही नाही, कारण न दिल्यास घरच्या माणसाला चुटपुट लागते. या दोहोंच्या मधली ही जागा आहे. इंग्रजीतील ‘चॅरिटी’ या शब्दाने ती झाकली जात नाही.

त्याहूनही लक्षणीय जोगव्याची रीत आहे. मंगळवारी किंवा शुक्रवारी देवीच्या नावाने पाच घरी जोगवा मागावयाचा. हे व्रत केवळ गरीब स्त्री करत नसे; खाऊनपिऊन सुखी घरातली, अंगावर सोने असलेली सुवासिनीही परडी घेऊन शेजारणीच्या दारात उभी राही. बकिंगहॅम राजवाड्यात श्रीमंतांनी अधिक श्रीमंत काळाचे सोंग घेतले होते. येथे भरल्या घरची बाई काही घटकांपुरते मागतीचे सोंग घेते, आणि ते सोंग आहे असे कोणी म्हणत नाही.

ही दोन चित्रे डोळ्यांपुढे ठेवली म्हणजे ८ जुलै १९२१ च्या रात्री मुंबईत जे घडले त्याचा अर्थ अधिक उलगडतो. मराठी नाट्येतिहासात ‘संयुक्त मानापमान’ या नावाने तो प्रयोग अजरामर झाला आहे. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या तेव्हाच्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या बालीवाला थिएटरात एकत्र आल्या, बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव भोसले धैर्यधर झाले, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला देण्यात आले. त्या रात्रीच्या आठवणी बहुधा गाण्यांच्या आहेत: कोणाची तान कशी गेली, कोणी कोणाला कसे उत्तर दिले, कोणाला किती ‘वन्समोअर’ मिळाले. त्या आठवणींनी एक पिढी जगली हे खरे. परंतु नाट्यसमीक्षेने गाण्याच्या पलीकडे फारसे पाहिले नाही, ही तक्रारही खरी आहे.

पाहण्याजोगे पुष्कळ आहे. मुळात निधीच्या नावाशी या मंडळींचे नाते होते. लोकमान्यांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले. नारायण राजहंस या मुलाला ‘बालगंधर्व’ हे नाव त्यांनीच दिले, अशी परंपरा आहे. ‘मानापमान’चे लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे ‘केसरी’तले त्यांचे सहकारी, त्यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती. राजकारण रंगभूमीवर पौराणिक वेषात उभे करता येते आणि सरकारला ते ओळखूही येते, हे खाडिलकर अनुभवाने जाणत होते. बेझवाड्याच्या बैठकीत १९२१ च्या वसंतात काँग्रेसने तीन संकल्प केले होते: टिळकांच्या नावाने एक कोटी रुपये, एक कोटी सभासद आणि वीस लक्ष चरखे. मुदत ३० जूनची होती. ती टळून आठवडा झाल्यावर हा प्रयोग झाला. मुदतीनंतरही देण्याची उमेद टिकली होती.

तिकिटाचा सर्वांत वरचा दर शंभर रुपये होता. मुंबईच्या गिरणीतील पुरुष कामगाराच्या तीनएक महिन्यांच्या मजुरीइतकी ही रक्कम. ती मोजून जे पुढच्या खुर्च्यांवर बसले त्यांच्यासमोर कोणते नाटक चालले होते? ‘मानापमान’ ही धनाच्या गर्वाची कथा आहे. श्रीमंत भामिनी पराक्रमी परंतु निर्धन सेनापती धैर्यधराला नाकारते, त्याचा अपमान करते. पुढे वनमाला नावाची गरीब मुलगी बनून त्याच्या छावणीत जाते आणि त्या वेषातच तिचे मन पालटते. धनाढ्य लक्ष्मीधर हा तर भित्रेपणाचा पुतळा. एका पुरुष नटाने स्त्रीचा वेष घेतलेला, त्या स्त्रीने श्रीमंतीचा साज ल्यालेला, आणि त्या श्रीमंत स्त्रीने वर गरिबीचे पांघरूण ओढलेले. इतक्या पदरांचे हे सोंग शंभर रुपये देणारा प्रेक्षक पाहत होता. त्याचा पैसा ज्या कामासाठी जात होता त्यात चरखा होता, म्हणजे सूत काढणारी दरिद्री बाई होती. जोगव्याची परडी आणि राजवाड्यातील रेशीम हे दोन्ही त्या रात्री एकाच रंगमंचावर आले, असे म्हटले तर ते फार ताणलेले ठरू नये.

बालगंधर्वांच्या रंगभूमीवरील वस्त्रांविषयी स्वतंत्र लिहावे इतकी सामग्री आहे. उंची शालू, पैठण्या, खरे दागिने, प्रेक्षागृहात दरवळणारे अत्तर यांवर त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्यांच्या नेसण्याचे आणि केशरचनेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. या हौसेची किंमत कंपनीने कर्जाच्या रूपाने मोजली. ज्या वर्षी ते इतरांसाठी उभे राहिले त्या वर्षी त्यांची स्वतःची मंडळी कर्जाच्या ओझ्याखाली होती. म्हणीतले सत्य येथे अगदी उघडे पडते. रेशमाचे सोंग आणता येत होते, भामिनीच्या वैभवाचे आणता येत होते; सावकारासमोर पैशाचे सोंग आणता येत नव्हते. राणीच्या पाहुण्यांनी शिलकीतून खर्च केला होता. या नटाने आपल्याला नसलेले दिले, आणि कदाचित म्हणूनच मराठी मनाला त्या रात्रीचे मोल रकमेत मोजावेसे वाटले नाही.

नंतरच्या घटना भराभर घडल्या. अवघ्या तीन आठवड्यांनी, ३१ जुलै १९२१ रोजी, टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या पूर्वसंध्येस, परळला उमर सोबानींच्या गिरणीच्या आवारात गांधीजींच्या हस्ते विलायती कापडाची होळी पेटली. रेशमी साड्या, सदरे, कोट, टोप्या त्यात पडल्या. हे कापड जाळण्याऐवजी उघड्यानागड्यांना वाटावे, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. गांधीजींना तो मान्य झाला नाही. जे आपल्याला वर्ज्य ते गरिबाच्या अंगावर घालणे म्हणजे त्याचा अवमान, अशी त्यांची भूमिका होती. रवींद्रनाथांना ही होळी रुचली नाही, आणि त्यांच्या हरकतीतही तथ्य होते: थंडीने कुडकुडणाऱ्या देशात वस्त्र जाळणे त्यांना पटत नव्हते. या वादाचा निकाल लागला आहे असे मानण्याचे कारण नाही. सप्टेंबरात मदुरेला गांधीजींनी स्वतःचा पोशाख पंच्यापुरता आणला. ज्या शहराने जुलैत नाट्यगृहात वेषाचे वैभव पाहून निधी दिला, त्याच शहराने त्याच महिन्यात वस्त्रांचा त्याग पाहिला; आणि दोन्ही वेळा टाळ्या वाजविल्या. यात दांभिकता शोधणाऱ्याला ती सापडेल. परंतु त्या समाजाला दोन्ही गोष्टी खऱ्या अर्थाने हव्या होत्या, हे अधिक न्याय्य वाचन ठरेल.

केशवराव भोसले त्या वर्षीच्या ४ ऑक्टोबरला विषमज्वराने वारले. वय एकतीस. त्या दोघांनी एकत्र काय करून दाखविले असते याची चर्चा मराठी माणूस शतकभर करीत आला आहे.

संयुक्त प्रयोगाचे हे प्रतिष्ठित रूप पुढे पातळ झाले. शाळेची इमारत, गावचे वाचनालय, दुष्काळ, पूर, वृद्ध कलावंताचे आजारपण, अशा निमित्तांनी ‘मदतीचा खेळ’ लागू लागला आणि त्याचा ‘चॅरिटी शो’ झाला. देणगी-प्रवेशिका ओळखीच्या माणसाच्या गळ्यात मारावयाची आणि त्याने ती घेऊन प्रयोगाला न जाता पुतण्याला पाठवावयाचे, इतका तो सरावाचा झाला. तरीही महाराष्ट्रातील कितीतरी ग्रंथालयांच्या भिंती या तिकिटांवर उभ्या आहेत, हे विसरता येणार नाही.

हा धागा पुन्हा पानिपतला नेऊन पोहोचवतो, आणि तोही कापडाच्याच मार्गाने. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासित विणकरांनी हे शहर हातमागाचे केंद्र केले. पुढे तेथे आणखी एक उद्योग वाढला. युरोप-अमेरिकेत लोक जे कपडे धर्मादाय संस्थांना देतात त्यातले सर्वच तेथील गरजूंपर्यंत जात नाहीत. उरलेल्या कपड्यांचे गठ्ठे जहाजांतून निघतात आणि त्यांतले कित्येक पानिपतला येतात. तेथे स्त्रिया जमिनीवर बसून पात्याने त्यांची बटणे, चेन, अस्तरे काढतात. मग रंगांनुसार ढीग लागतात. लाल वेगळे, निळे वेगळे. म्हणजे पुन्हा रंगविण्याचा खर्च वाचतो. यंत्रात त्यांच्या चिंध्या आणि चिंध्यांचा पुन्हा धागा होतो. या धाग्याला ‘शॉडी’ म्हणतात. त्याची घोंगडी विणली जात आणि भूकंप, पूर, युद्ध यांतील निराश्रितांना वाटण्यासाठी मदतसंस्था ती विकत घेत. अलीकडे कृत्रिम धाग्याच्या स्वस्त कांबळ्यांनी या धंद्याला ओहोटी लावली आहे. पण अनेक वर्षे जगाच्या कानाकोपऱ्यात उघड्यावर पडलेल्या माणसांच्या अंगावर पानिपतचे पांघरूण गेले. १७६१ च्या जानेवारीत याच रस्त्यांनी उघडी माणसे पळत गेली होती.

मेघना गुप्ता यांनी २०१२ मध्ये ‘अनरॅव्हल’ नावाचा एक लघु माहितीपट या कारखान्यांवर केला. त्यातल्या कामकरी बायका ढिगातून एकेक कपडा उचलून पाहतात. समारंभाचे झगे, मापाने अवाढव्य पाटलोणी, क्वचितच वापरलेले कोट. हे ल्यालेली माणसे त्यांनी पाहिलेली नाहीत, आणि त्या माणसांनाही यांचे अस्तित्व ठाऊक नाही. इतके धड कपडे लोक टाकून का देतात, यावर त्या आपसांत तर्क करतात. त्यांच्यातली एक शेवटी म्हणते की तिकडे पाणी फार महाग असावे. धुणे परवडत नसेल, म्हणून एक-दोनदा अंगात घालून पाठवून देत असतील.